शिडाचं जहाज नदीत वर कसं चढवायचं: हडसनची १६०९ ची वाट

समुद्रात जहाज वाऱ्यावर चालतं, नदीत पाण्यावर. इंग्रज दर्यावर्दी हेन्री हडसनचं 'हाल्व्हे मान' हे सुमारे ८० टनांचं डच जहाज सप्टेंबर १६०९ मध्ये आजच्या न्यूयॉर्कपासून ऑल्बनीपर्यंत, म्हणजे साधारण २४० किलोमीटर आत गेलं, ते वारा आणि भरती या दोन्हींच्या जोरावर. ही हडसन नदी जवळजवळ खाडीच आहे: भरती थेट ऑल्बनीच्याही वरच्या ट्रॉय गावापर्यंत पोचते.

आधी जहाजाची निवड. १५३५ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तियेने कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीत दोन मोठी जहाजं क्युबेकजवळ ठेवली, ४० टनांचं 'एमेरियों' पुढे नेलं, ते अडल्यावर नुसत्या होड्या. शेवटी आजच्या माँट्रियलपाशी धावत्या पाण्याने तोही मार्ग संपवला. दुसरी गोष्ट सहसा विसरली जाते: गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं. समुद्रात ८ फूट पाणी लागणाऱ्या जहाजाला नदीत सुमारे अडीच इंच जास्त लागतं. चिखलाच्या दांड्यावर, म्हणजे पाण्याखालच्या उंचवट्यावर, तेवढ्यानेही घात होतो.

निघायचं कधी? ओहोटी संपून भरती लागली की तास-दीड तासाने. उथळ दांडे तेव्हा नुकतेच झाकलेले असतात, पाण्याच्या रंगावरून ओळखू येतात, आणि रुतलंच तर चढतं पाणी स्वतःच सोडवतं. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत) ऐन पूर्ण भरतीला कधीही उथळात शिरू नये. तिथे बसलेलं जहाज भांगाच्या, म्हणजे मधल्या लहान भरतीच्या, दिवसांत सुटत नाही, पुढच्या उधाणाची, म्हणजे पंधरवड्याची, वाट पाहावी लागते. वर जाताना भरतीची लाटही आपल्याच दिशेने सरकत असते, त्यामुळे सहा तासांपेक्षा जास्त वेळ तिची साथ मिळते. ओहोटी लागली की नांगर टाकून गप्प बसायचं. नांगराचा दोर खोलीच्या निदान पाचपट सोडा. कमी सोडला तर नांगर चिखलात दात रोवत नाही.

जहाजाच्या पुढे होडी हवीच. तिच्यातल्या माणसाकडे ७ पौंडांचं शिशाचं वजन आणि वीसेक वांवांचा दोर (एक वांव म्हणजे सहा फूट). वजनाच्या तळाला खळगा असतो, त्यात चरबी भरायची. वजन तळाला टेकलं की चरबीला तिथली वाळू, चिखल किंवा शिंपल्याचा चुरा चिकटून वर येतो. खोलीइतकीच ही माहिती मोलाची: चिखल असेल तर नांगर धरेल, खडक असेल तर दोर कापला जाईल. दोरावर दोन वांवांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरं कापड, सातवर लाल; अंधारातही बोटांनी किंवा ओठांनी खूण कळावी म्हणून कापडंही वेगवेगळ्या पोताची. वळणावर खोल पाणी बाहेरच्या काठाला असतं, आतल्या काठाला वाळू साचते. होडीवाल्याने आधी बाहेरची बाजू मोजावी.

आता खरी अडचण. जहाज प्रवाहाच्याच वेगाने वाहत असेल तर सुकाणूच्या फळीवरून पाणी सरकतच नाही, आणि सुकाणू मेलेलं असतं. वारा असेल तर वरची शिडं उघडा. काठच्या टेकड्या आणि झाडी खालच्या शिडांचा वारा अडवतात. वारा नसेल किंवा समोरून असेल तर नाळेवरचा (जहाजाच्या पुढच्या टोकावरचा) नांगर इतकाच सोडा की तो तळ घासत जाईल, पण रुतणार नाही. दोर खोलीच्या जेमतेम दीडपट. जहाज पाण्यापेक्षा हळू सरकतं आणि सुकाणूला पुन्हा जीव येतो. नाळ मात्र प्रवाह जिकडून येतो तिकडे वळते, म्हणजे जहाज मागच्या बाजूने पुढे जातं. दिसायला विचित्र, पण अरुंद पात्रात याइतकी भरवशाची युक्ती नाही. तळ खडकाळ असेल तर ती करूच नका. पाणी शांत आणि वारा पडलेला असेल तर होडी वल्हवत ओढतात. माणसं लवकर दमतात, म्हणून हे थोड्या अंतरापुरतंच.

जहाज रुतलं तर शिडं ताबडतोब उतरवा, नाहीतर वारा त्याला आणखी वर ढकलतो. मग लहान नांगर होडीत घालून, ज्या खोल पाण्यातून आलात तिकडे, दोर पुरेल तितका लांब नेऊन टाका. दोर जहाजावरच्या उभ्या रहाटाला गुंडाळा, लाकडी दांडे लावून तो माणसांना फिरवू द्या. जोर चढत्या पाण्यातच लावायचा. १७ सप्टेंबरला 'हाल्व्हे मान' असंच दोनदा रुतलं: एकदा काठाला फार घासून, मग पात्रातल्या दांड्यावर. पहिल्यांदा लहान नांगराने ओढून काढलं, दुसऱ्यांदा भरती चालू असतानाच सुटलं. ओढूनही हललं नाही तर पिंपांतलं पाणी ओता, तोफा दुसऱ्या बाजूला सरकवा. ओहोटी उतरू लागली असेल तर ओढाताण सोडून दोन्ही बाजूंना वासे टेकवा, जहाज कुशीवर पडू देऊ नका.

मागे फिरायचं होडीच्या मापावर ठरतं. २२ सप्टेंबरच्या रात्री होडी परतली: वर आठ-नऊ लीग (एक लीग साधारण पाच-साडेपाच किलोमीटर) जाऊन पाणी ७ फूट, तेही एकसारखं नाही. दुसऱ्या दिवशी हडसन वळला.

उतरणं सोपं वाटतं, पण रुतल्यावर पाणी कमीच होत जातं. २४ तारखेला अर्ध्या ओहोटीला जहाज मधल्या गाळावर बसलं ते भरती येईपर्यंत हललं नाही. म्हणून अनोळखी टप्पा ओहोटीच्या शेवटच्या दोन तासांतच उतरावा: दांडे उघडे दिसतात, आणि बसलं तरी भरती जवळच असते.