चिप कारखान्यांचं अनुदान: माहिती नाकारली, मग मी काय केलं

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली. त्यातले पैसे प्रत्यक्षात कधी, किती सुटले हे मला हवं होतं. पैसा आपल्या करातला आहे. १० रुपये भरून माहिती अधिकार कायद्याखाली ऑनलाइन अर्ज टाकला. ३०व्या दिवशी एका ओळीचं उत्तर: कलम ८(१)(घ), व्यावसायिक गोपनीयता.

अर्ज पुन्हा वाचला तेव्हा चूक दिसली. मी 'अमुक कंपनीला एवढे का दिले?' असं विचारलं होतं, वर अख्खा करार मागितला होता. 'का'चं उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. दप्तरात कागद असेल तर तो मागता येतो.

३० दिवसांच्या आत प्रथम अपील केलं, त्याला फी नाही. सगळा भर कलम १०वर दिला: तंत्रज्ञानाचा मजकूर काळा करा, पण उरलेलं पान द्या. ८(१)(घ) मध्येच व्यापक जनहिताचा अपवाद आहे, तोही लिहिला. सोबत नवा, छोटा अर्ज: मंजुरी आदेशांच्या प्रती, हप्त्यांच्या तारखा, रकमा. बस्स.

४०व्या दिवशी अपिलाचा आदेश आला. मिळालेल्या पानांवर जाड काळे पट्टे होते, पण खालच्या तक्त्यातल्या तारखा आणि रकमा स्वच्छ वाचता येत होत्या.