पेनपेन्सिल घ्यायला निघालात? आधी लीड बघा

माझी भाची यंदा आर्किटेक्चरला लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, "मावशी, पेनपेन्सिल कुठली घेऊ?" फोनवर जे सांगितलं त्यातलं निम्मं तिच्या लक्षात राहिलं नसणार, म्हणून नीट लिहून काढते आहे. तिला उपयोगी पडेल, आणि तिच्यासारखं कुणी दुकानात उभं असेल तर त्यालाही.

सर्वांत आधी लीड. पेन्सिल कुठलीही घ्या, पण तिच्याच मापाच्या लीडच्या दोन डब्या त्याच दुकानातून, त्याच वेळी घ्या. त्या मापाची लीड दुकानात नसेल तर पेन्सिल काउंटरवर ठेवा आणि बाहेर पडा. "लीड काय, कुठेही मिळते" असं मनात आलं की समजा, तुम्ही माझ्याच वाटेला लागलात.

मी तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या देवळाची मापं घ्यायला गेले होते. पणजीहून सुमारे ६५ किलोमीटर, अभयारण्यातला रस्ता, शेजारून वाहणारी नदी. आपल्याकडे गोव्यात घरं, देवळं, गडगे (दगडी कुंपणं) सगळे जांभ्याचे, पण कदंब राजांच्या काळातलं हे देऊळ काळ्या बेसॉल्टचं आहे आणि त्यातलं कोरीवकाम इतकं बारीक की जांभ्यात ते टिकलंच नसतं. मंडपाच्या छतात दगडात कोरलेलं कमळ आहे. त्या कमळाच्या पाकळ्यांसाठी म्हणून मी मुद्दाम नवी ०.३ मिमीची पेन्सिल घेतली होती, पूर्ण धातूची, सुंदर. आत कंपनीनं घातलेल्या दोन लीड होत्या. पिशवीत लीडच्या दोन भरलेल्या डब्या होत्या, दोन्ही ०.५ च्या. माझ्या जुन्या पेन्सिलीच्या. घरून निघताना मी डब्या मोजल्या, पण त्यांच्यावरचा आकडा वाचला नाही. पहिली लीड तासाभरात तुकड्यातुकड्यानं गेली, दुसरी जेवणाआधी संपली. मोले गावापर्यंत परत येऊन दोन दुकानांत विचारलं. ०.५ होती, ०.७ होती. ०.३ हे माप दुकानदारानं ऐकलंही नव्हतं, आणि त्यात त्याची चूक नाही, शाळेच्या मुलांना ती लागतच नाही. उरलेलं कमळ सोबत्याच्या लाकडी पेन्सिलीनं काढलं. घरी आल्यावर पाहिलं तर अर्ध्या पाकळ्या केसासारख्या आणि अर्ध्या काजळ घातल्यासारख्या. त्या एका कमळासाठी पुन्हा सुर्ल्याला जावं लागलं.

०.५ ची लीड ०.३ च्या नळीत शिरत नाही. ०.५ ची ०.७ च्या पेन्सिलीत घातली तर पकडीत धरत नाही, निसटून बाहेर येते. "थोडीशीच जाड आहे" असं इथे चालत नाही.

आता माप कुठलं. ड्रॉइंगसाठी एकच पेन्सिल घेणार असाल तर ०.५, आणि यावर मी वाद घालणार नाही. दोन घेणार असाल तर ०.५ आणि ०.७: बाह्यरेषा ०.५ नं, सेक्शनमध्ये (इमारत कापून आतलं दाखवणाऱ्या नकाशात) कापलेल्या भिंती ०.७ नं. ०.३ मापरेषांना आणि कोरीवकामाला फार छान, पण तिला हात हलका लागतो. जोर दिला की कट्कन तुटते. एका वेळी एकच क्लिक बाहेर काढायची. आणि गोव्यात ०.३ ची लीड मोठ्या स्टेशनरीवाल्याकडे विचारल्याशिवाय मिळेल असं धरूच नका. ०.९ चंही तेच. म्हणून ही दोन मापं घेणाऱ्यांनी दोन नाही, चार डब्या घ्याव्यात.

मापानंतर टोक बघा. ड्रॉइंगच्या पेन्सिलीला पुढे सरळ धातूची बारीक नळी असते, साधारण ४ मिमी लांब. ती पट्टीच्या किंवा सेटस्क्वेअरच्या कडेला चिकटून सरकते, त्यामुळे लीड नेमकी कुठे टेकते ते दिसतं. लिहिण्याच्या पेन्सिलीचं टोक शंकूसारखं असतं. पट्टीला तो शंकूच टेकतो, लीड लांबच राहते, आणि तुमची रेघ खऱ्या कडेपासून अर्धा मिलिमीटर बाजूला पडते. १:१०० च्या नकाशात अर्धा मिलिमीटर म्हणजे जागेवर पाच सेंटिमीटर! दुकानात पट्टी मागा आणि तिथेच एक रेघ मारून बघा. संकोच करू नका. ही नळी पेन्सिलीचा सर्वांत नाजूक भाग. फरशीवर टोकावर पडली की वाकते, आणि वाकलेली नळी सरळ करायच्या भानगडीत पडू नका, लीड आत अडकत राहते. खिशात ठेवायची असेल तर नळी आत जाणारीच घ्या, नाहीतर खिसा फाटेल आणि नळीही जाईल.

नावं हवी असतील तर पेंटेलची पी२०५. प्लास्टिकची, हलकी, नळी ४ मिमीची. तिच्या भावंडांत शेवटचा आकडा म्हणजे माप: पी२०३, पी२०५, पी२०७, पी२०९. रॉट्रिंग ६०० पितळेची, षटकोनी, हातात जड. कित्येकांना ते वजन आवडतं. मी चार तास सलग काढते तेव्हा मला हलकीच बरी वाटते. रबरी पकडीपासून मात्र सांभाळा. आपल्या हवेत ते रबर दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होतं आणि बोटांना काळं लागतं. खाचा पाडलेली धातूची पकड घामातही घसरत नाही.

ग्रेड. एचबी म्हणजे मध्यम, एच कडे गेलात की कडक आणि फिकट, बी कडे गेलात की मऊ आणि गडद, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की आधाररेषा २एचनं काढा. पुस्तक खरं आहे, पण ते जुलैतल्या फोंड्यात लिहिलेलं नाही. पावसात कागद ओल धरतो, तंतू फुगून मऊ होतात, आणि कडक लीड त्यावर उमटण्याऐवजी खाचा पाडते. रेघ फिकट दिसते म्हणून तुम्ही जोर देता, खाच आणखी खोल जाते, आणि ती कुठल्याही रबरानं जात नाही, कारण तो ग्रॅफाइट नाही, कागदाला पडलेली जखम आहे. जून ते सप्टेंबर मी एक ग्रेड मऊ उतरते: २एचच्या जागी एच, एचच्या जागी एचबी. कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवते. ट्रेसिंग पेपर तर ओलीनं लाटा धरतो, तो शक्यतो काढायच्या दिवशीच विकत आणा. आणि या ग्रेडच्या लीडही तुमच्याच मापाच्या, हे विसरू नका. ०.५ मध्ये एचपासून २बीपर्यंत शोधलं तर सापडतं. ०.३ मध्ये बहुधा एचबीवरच भागवावं लागतं. पेन्सिल निवडण्याआधी त्या मापात तुम्हाला हवी ती ग्रेड मिळते का ते विचारा. ग्रेड बघायची छोटी खिडकी अंगावर असलेली पेन्सिल मिळाली तर घ्या, दोन पेन्सिली टेबलावर असल्या की ती वेळ वाचवते.

स्केचिंगला वेगळा विचार. पणजीच्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीत उभं राहून बाल्कांव (घरापुढचे बसायचे ओटे), जाळीचे कठडे, कौलांच्या ओळी काढायच्या तर ०.५ ची रेघ फार एकसारखी येते, जीव वाटत नाही. तिथे ०.९ ला २बी, नाहीतर २ मिमीची क्लच पेन्सिल, म्हणजे जाड लीड चिमट्यात धरणारी. क्लचची लीड १३० मिमी लांब, टोक घासून आणता येतं, आडवी धरून सावली भरता येते. पण तिला साधं शार्पनर चालत नाही, तिचं वेगळं लीड पॉइंटर लागतं. नसेल तर बारीक सँडपेपर ठेवा.

लिहायला म्हणाल तर ०.५ किंवा ०.७, एचबी किंवा बी, छोटं टोक. युनी कंपनीची कुरु टोगा ही पेन्सिल २००८ साली आली. तिची लीड दर वेळी कागदाला टेकून उचलली की ९ अंश फिरते, ४० टेकण्यांत एक फेरा, म्हणून टोक एका बाजूनं झिजत नाही. आपण देवनागरीत अक्षरागणिक हात उचलतो, वर शिरोरेषा वेगळी मारतो, त्यामुळे ती मराठीला छान लागते. मोडीत हात न उचलता लिहीत, तिथे ती फिरलीच नसती. ड्रॉइंगला ती घेऊ नका. लांब रेघेत फिरत नाही, आणि टोक किंचित आत दबतं.

बाकीचं भराभर. पेन्सिलीत एका वेळी दोन-तीनच लीड भरा, जास्त कोंबल्या की अडकतात. लिहिताना दोन क्लिक पुरेत. ६० मिमीच्या लीडचा शेवटचा तुकडा पकडीत धरत नाही, तो काढून टाका, त्याच्याशी झगडू नका. काही पेन्सिलींच्या टोपीखालच्या रबराला नळी साफ करायची सुई असते, ती हरवू नका. ते रबर वापरूही नका, वेगळं पांढरं रबर ठेवा. शक्यतो पेन्सिलीच्याच कंपनीची लीड घ्या. पाऊच, पट्टी, सँडपेपर, झालं.

आणि निघायच्या आदल्या रात्री डबी उघडा. आकडा वाचून थांबू नका, एक लीड काढून पेन्सिलीत घाला, क्लिक करा, कागदावर रेघ मारा. डबी ०.३ ची आणि आत ०.५ च्या उरलेल्या लीड कोंबलेल्या, असं माझ्या पाऊचमध्ये गेल्याच महिन्यात सापडलं. भाचीला ०.५ ची पेन्सिल, एचबीच्या दोन डब्या आणि एचची एक पाठवते आहे, तिन्ही डब्यांतली एकेक लीड तिच्याच पेन्सिलीत घालून बघितली आहे.