इंग्रजीच्या भावी शिक्षकांना तंत्रज्ञान कसे शिकवावे?

छात्राध्यापकांना एका दुपारी दहा ॲप दाखवायची आणि ‘तंत्रज्ञान झाले’ म्हणायचे, हा प्रकार आधी बंद करा. ॲप बदलत राहतात. मुले नेमकी कुठे अडतात हे ओळखणारी नजर टिकते. मिश्रा आणि कोहलर यांनी २००६ साली मांडलेल्या ‘टीपॅक’ चौकटीतही विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान यांची सांगड घालण्यावरच भर आहे.

१. पाठ टाचणात साधनाचे नाव शेवटी येऊ द्या. आधी अडचण लिहायची: ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक मुलांना ऐकू येत नाही. मग ती सोडवायला ध्वनिमुद्रण लागेल, की फळ्यावर दोन शब्द लिहून भागेल, ते ठरवायचे. फळ्यावर भागत असेल तर भागवावे.

२. साधन आधी स्वतःवर वापरून पाहू द्या. फोनला हेच दोन शब्द एकेकटे सांगायचे आणि तो काय लिहितो ते बघायचे. पुढे ते वाक्यात घालून सांगायचे. संदर्भावरून अंदाज बांधून फोन चुकीचा उच्चारही सुधारून घेऊ शकतो, आणि अनोळखी धाटणीचा बरोबर उच्चार चुकवूही शकतो. हे ज्याने स्वतः अनुभवले, तो फोनच्या निकालावर मुलांचे गुण कापणार नाही.

३. सूक्ष्म पाठ घ्या आणि चित्रित करा. ही पद्धत १९६०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये आकाराला आली. पाच-सहा सहकारी मुलांच्या भूमिकेत बसतील, पाठ दहा मिनिटांचा. चित्रफीत बघताना घड्याळ लावा: शिक्षक यंत्राशी किती वेळ झटत होता आणि ‘मुले’ किती वेळ इंग्रजी बोलली? दोन्ही आकडे त्यालाच लिहायला लावा. तुमच्या शेऱ्यापेक्षा ते जास्त बोचतात.

४. कॉर्पसमध्ये, म्हणजे खऱ्या लिखाण-बोलण्यातून जमवलेल्या मजकुराच्या साठ्यात, शोधायची सवय लावा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत. ‘डिस्कस अबाउट’ बरोबर की चूक? ‘डिस्कस’ शोधून त्यापुढे ‘अबाउट’ कितीदा येतो ते त्यांनीच तपासावे. चॅटबॉटने सांगितलेला नियमही असाच पडताळावा.

५. एका सराव पाठात, न सांगता, मध्येच प्रोजेक्टर बंद करा. थोडा दुष्टपणा आहे खरा. पण टाचणात ‘वीज गेल्यास’ असा रकाना पुढच्या वेळी आपोआप येतो.