डुकरिणीच्या पिल्लांचे दूध कसे तोडावे, आणि त्यांना खायला काय घालावे

दोन-चार डुकरिणी पाळणाऱ्या घरात विण्याच्या रात्री सगळे जागे असतात. दूध तोडायचा दिवस मात्र बहुतेक ठिकाणी घाईत उरकला जातो. डुकरीण दुसरीकडे बांधायची, पिल्लांच्या पुढ्यात भाताची पेज किंवा हॉटेलातले उरलेले ओतायचे, की झाले. चार-पाच दिवसांत पातळ हगवण लागते आणि चांगली उड्या मारणारी पिल्ले पाठीची कणी दिसेपर्यंत सुकतात. त्यातली जी जगतात, तीही महिनाभर मागे पडलेली असतात.

गोव्यात आणि सिंधुदुर्गात घरामागे डुकरे पाळणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. काणकोणातल्या आगोंद गावाच्या नावाने नोंदवलेली काळी 'आगोंदा गोवन' ही देशी जात असो की यॉर्कशायरचा संकर, पिल्लांचे पोट सारखेच चालते. दूध पचवणारे पाचकरस त्यात जन्मापासून असतात, धान्य पचवणारे मात्र हळूहळू तयार होतात, तेही पोटात थोडेथोडे धान्य जाऊ लागले तर अधिक चांगले. म्हणून दूध तोडण्याची तयारी दुसऱ्या आठवड्यापासूनच करायची असते.

आधी तारीख ठरवा

मोठ्या फार्मवर चार आठवड्यांनी दूध तोडतात. त्यांच्याकडे दूधभुकटी घातलेला महागडा खुराक आणि तापमान राखणारी खोली असते. आपल्याकडची जुनी पद्धत आठ आठवड्यांची. घरगुती पाळणाऱ्याने सहा आठवडे, म्हणजे ४२ ते ४५ दिवस धरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. डुकरिणीचे दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सर्वांत जास्त असते, पुढे ते उतरते. आठ आठवडे पाजत ठेवले तर पिल्लांना फार काही मिळत नाही आणि आई मात्र खंगते.

हिशोबही मांडून पाहा. गाभणकाळ ११४ दिवस, पाजणे ५६ दिवस आणि पुन्हा माजावर येऊन भरायला साधारण ७ दिवस, असे १७७ दिवस झाले. दोन वेतांना ३५४. एक माज चुकला की २१ दिवस जातात आणि वर्षात दोन वेते बसत नाहीत. ४२ दिवसांवर तोडले तर तेच १६३ दिवस होतात आणि एखादी चूक पोटात घालायला जागा उरते.

तारखेइतकेच वजन पाहा. संकरित पिल्लू निदान सात-आठ किलोचे असावे. देशी पिल्लू लहानच असते, तिथे काट्यापेक्षा ते खाते किती याकडे लक्ष द्या. एखादे खुरटलेले असेल तर त्याला आणखी आठवडाभर आईपाशी राहू द्या, पण सोबतीला एक-दोन भावंडे ठेवा.

लोहाचे इंजेक्शन

पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या अंगात लोह जेमतेम ५० मिलिग्रॅम असते. रोजची गरज सात मिलिग्रॅमच्या आसपास आणि दुधातून मिळते सुमारे एक. सिमेंटच्या फरशीवर वाढणाऱ्या पिल्लांना उकरायला मातीही नसते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन हवेच. दुसरे चौदाव्या दिवसाच्या आसपास द्यायचे का, हे पहिल्याच्या मात्रेवर ठरते, ते पशुवैद्यकांना विचारा. फिकट कानांचे, धापा टाकणारे पिल्लू दूध तोडताना टिकाव धरत नाही. नर खच्ची करायचे असतील तर तेही तीन आठवड्यांच्या आत उरकून घ्या, म्हणजे जखम वेळेत भरते.

दहाव्या दिवसापासून पहिला घास

शेडच्या एका कोपऱ्यात बांबू किंवा पोफळीच्या फळ्या आडव्या मारून वीतभर फट ठेवा. पिल्ले आत शिरली पाहिजेत, आई नाही. आत उथळ थाळीत मूठभर खुराक घाला. सुरुवातीला ती तो तुडवतील, हुंगतील, त्यात लोळतीलही. तसे होऊ द्या. उरलेला खुराक संध्याकाळी काढून आईला द्या आणि थाळी धुऊन सकाळी ताजा घाला. आंबलेल्या वासाला पिल्लू तोंड लावत नाही आणि लावलेच तर पोट बिघडते. पाण्याचे उथळ भांडे पहिल्या आठवड्यापासूनच शेजारी असू द्या. पाणी न पिणारे पिल्लू कोरडे खात नाही.

दहा किलो खुराकासाठी मी सुचवतो ते प्रमाण असे: मक्याचा भरडा ६ किलो, सोयापेंड २ किलो ४०० ग्रॅम, मीठ न लावता वाळवलेल्या मासळीची भुकटी ७०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा ६०० ग्रॅम, क्षार मिश्रण २०० ग्रॅम, मीठ ५० ग्रॅम आणि चुरलेला गूळ ५० ग्रॅम. यात प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास बसतात आणि या वयाला तेवढी लागतात. भरडा रव्याइतका बारीक हवा. किंचित भाजून घेतला तर वास सुटतो आणि पिल्ले लवकर तोंड लावतात.

मासळीबद्दल सावध राहा. किनारपट्टीवर स्वस्तात मिळते ती सुकी मासळी बहुधा खारवलेली असते. तीच घातली आणि वर पाणी कमी पडले तर मिठाची विषबाधा होते, पिल्लू आंधळ्यासारखे भिंतीवर आदळते आणि झटके देते. बिनमिठाची मिळाली नाही तर मासळी सोडून द्या आणि मक्यातला एक किलो कमी करून सोयापेंड तेवढी वाढवा. सोयाबीनचे कच्चे दाणे दळून घालू नका, त्यातला घटक प्रथिने पचू देत नाही. पावसाळ्यात मका आणि शेंगदाण्याची पेंड हातात घेऊन हुंगा. बुरशीचा वास आला तर ती कोणत्याच जनावराला घालायची नाही, पिल्लांना तर मुळीच नाही.

दूध तोडायचा दिवस

दोन दिवस आधीपासून डुकरिणीचा खुराक थोडा कमी करा, म्हणजे सड ठणकणार नाहीत. ठरलेल्या दिवशी सकाळी तिला हलवा, म्हणजे दिवसभर पिल्लांवर नजर राहते. हलवायची ती आई. पिल्ले त्याच कप्प्यात, त्याच वासात, त्याच भावंडांबरोबर राहिली पाहिजेत. आई अशा ठिकाणी न्या, की तिचा आवाज त्यांच्या कानी पडणार नाही.

त्या आठवड्यात दुसरे काहीही करू नका. लस नको, जंतनाशक नको, दुसऱ्या वेतातली पिल्ले मिसळायची नाहीत आणि खुराकही तोच ठेवायचा. आई जाणे हा एवढ्याशा जिवाला पुरेसा धक्का आहे.

पहिल्या दिवशी पिल्लामागे सुमारे १५० ग्रॅम खुराक पाच वेळांत वाटून द्या, कोमट पाण्यात कालवून लापशीसारखा. दूध तुटलेले पिल्लू आधी रुसते आणि मग एकदम अधाशासारखे खाते. जठरात पुरेसे आम्ल नसताना न पचलेले अन्न आतड्यात जाते आणि तिथे कोलाय जंतू माजतात. हगवणीचे मूळ बहुतेक वेळा हेच असते. विष्ठा घट्ट असेल तर रोज ४०-५० ग्रॅम वाढवा. आठवड्याअखेर आठ किलोच्या पिल्लाला ३५० ते ४०० ग्रॅम, म्हणजे वजनाच्या पाच टक्क्यांच्या जवळपास, आरामात पचते. सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता येईल एवढी लांब कुंडी ठेवा, नाहीतर दुबळे उपाशी राहते.

हगवण दिसली तर खुराक निम्मा करा, पाणी मात्र वाढवा आणि त्यात ओआरएस मिसळा. रक्त पडले, अंग तापले किंवा पिल्लू उठेनासे झाले तर पशुवैद्यकांना बोलवायला दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका.

ऊब हवीच, विशेषतः कोकणातल्या पावसात. कोरडा पेंढा घाला, तो भिजला की बदला आणि रात्री दिवा लावा. पिल्ले एकमेकांवर चढून झोपली तर त्यांना थंडी वाजते आहे, दिव्यापासून लांब पांगली तर उकडते आहे. प्रत्येकी चार-पाच चौरस फूट कोरडी जागा पुरते.

हॉटेलातले उरलेले, बिअरचा चोथा, हिरवा पाला

आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग २०२० मध्ये भारतात, आसाम आणि अरुणाचल प्रदेशात, प्रथम आढळला. त्याचा विषाणू डुकराच्या मांसात, अगदी घरच्या चोरिसातही (गोव्याकडच्या डुकराच्या सॉसेजात), दीर्घकाळ टिकतो. आपल्याकडे त्यावर उपचार नाही. म्हणून डुकराच्या मांसाचा अंश असलेले खरकटे कोणत्याही वयाच्या डुकराला घालू नका. बाकीचे खरकटे ९० अंशांवर तासभर ढवळत उकळले तरच द्या, आणि तेही पिल्लू २५ किलोचे झाल्यावरच. बिअरचा चोथा ओला असतो, तो दोन दिवसांत आंबतो आणि त्यात तंतू भरपूर असतात, त्यामुळे तो मोठ्या डुकरांसाठी ठेवा. दूध तोडल्यावर पंधरा दिवसांनी शेवग्याचा पाला, रताळ्याचे वेल थोडेथोडे चालतात. अळू उकडूनच द्या, कच्चा दिला तर घसा खाजून पिल्लू खाणेच सोडते.

पुढचे दोन आठवडे

आई दूध तुटल्यानंतर चौथ्या ते सातव्या दिवसात माजावर येते. फारच खंगली असेल तर तो माज सोडून द्या. पिल्लांना दूध तोडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी जंतनाशक द्या आणि स्वाइन फिव्हरची लस पशुवैद्यकांनी सांगितलेल्या दिवशी, साधारण दोन महिन्यांच्या सुमारास टोचून घ्या. ही लस वर सांगितलेल्या आफ्रिकन रोगावर चालत नाही. नववा-दहावा आठवडा आला की १८ टक्के प्रथिनांच्या वाढीच्या खुराकावर जा, पण दर दोन दिवसांनी पाव हिस्सा बदलत.

पिल्ले विकणार असाल तर आईपासून तोडून थेट टेम्पोत घालू नका. आई गेली, प्रवास झाला, जागा आणि खाणेही बदलले, हे सगळे एका दिवसात सोसणे पिल्लाला जड जाते आणि घेणाऱ्याचे पैसे बुडतात. निदान दहा दिवस आपल्याकडे खाऊ घालून मग द्या. सोबत त्याच खुराकाची तीन-चार किलोंची पिशवी द्या आणि जन्म, लोहाचे इंजेक्शन, जंतनाशक व लस यांच्या झालेल्या आणि राहिलेल्या तारखा एका कागदावर लिहून घेणाऱ्याच्या हाती ठेवा.