कॉल लागताच इंटरनेट बंद पडत होतं: माझा अनुभव

लक्षण: कॉल लागला की वरचं ४जी जाऊन २जीचं ‘ई’ यायचं आणि नेट ठप्प. विमान मोड, नेटवर्क रीसेट, सिमची अदलाबदल, सगळं करून वैतागलो.

मूळ कारण: ४जी फक्त डेटासाठी बांधलेलं, २जी-३जीसारखी आवाजाची वेगळी वाट त्यात नाही. व्होल्टीई (VoLTE, म्हणजे ४जीच्या डेटावरूनच कॉल नेणारी सोय) बंद असेल तर फोन कॉलसाठी जुन्या नेटवर्कवर उतरतो.

आधी सॉफ्टवेअर अपडेट केलं (तोवर व्होल्टीईचा पर्यायच दिसत नव्हता!). मग सेटिंग्ज, मोबाइल नेटवर्क, नेमकं ते सिम, व्होल्टीई चालू. नेटवर्क प्रकार ‘फक्त ३जी’ वगैरे नको, ४जी ऑटो ठेवा. शेवटी रीस्टार्ट. आता बोलतानाही ४जी टिकतं. समोरचा २जीवर असला तरी फरक पडत नाही.