पहिलं खाऱ्या पाण्याचं रीफ मत्स्यालय: रिकाम्या टाकीपासून पहिल्या प्रवाळापर्यंत

सुरुवातीला बहुतेकांना छोटीच टाकी हवी असते, टेबलावर मावेल अशी वीस-पंचवीस लिटरची. गोड्या पाण्यात ते एक वेळ चालून जातं, खाऱ्या पाण्यात मात्र टाकी जितकी लहान तितकी ती सांभाळायला अवघड. हवेत उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. २० लिटरमधून १ लिटर पाणी उडालं की खारटपणा ३५ पीपीटीवरून (हजार भागांत ३५ भाग मीठ) जवळजवळ ३७ वर पोचतो. ७५ लिटरमधून तेवढंच उडालं तर तो साडेपस्तीसच्या आत राहतो. तापमानाचं आणि अमोनियाचंही तसंच आहे. म्हणून पहिली टाकी ६० × ४० × ४० सेंमीची घ्यावी. काठोकाठ ती ९६ लिटरची होते. वरची चार सेंमी सोडली आणि दगड-वाळूची जागा वजा केली की साधारण ७५ लिटर पाणी उरतं. इथली सगळी मापं याच टाकीसाठी आहेत.

भरलेली टाकी स्टँड सोडून जवळपास १२० किलोची होते. स्टँड सपाट आणि पक्का हवा, मागे भिंतीपासून हात जाईल इतकी फट हवी, आणि टाकीवर थेट ऊन पडता कामा नये. विजेचा बोर्ड टाकीच्या खाली नको, बाजूला लावा. प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळ खाऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाशीच गळून पडतं. गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच (आरसीसीबी) बसवणं टाळू नका. खाऱ्या पाण्याच्या तुषारांनी प्लगवर मिठाचा थर चढतो आणि तो वीज वाहून नेतो.

पाणी आणि मीठ

नळाचं पाणी वापरू नका, उकळून किंवा मुरवूनही नाही. त्यातले फॉस्फेट, नायट्रेट आणि सिलिकेट शेवाळाला पोसतात, आणि तांब्याच्या पाइपातून आलेलं थोडंसं तांबंही गोगलगाय-कोळंबीला मारतं. आरओनंतर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) टप्पा असलेलं पाणी लागतं. टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणारं उपकरण) ते ० दाखवलं पाहिजे. आकडा २-३ वर चढायला लागला की रेझिन बदलायची वेळ झाली. पिण्याच्या पाण्याच्या साध्या आरओ यंत्रात चवीसाठी खनिजं परत मिसळली जात असतील, तर ते पाणीही चालणार नाही.

टाकी आधी याच गोड्या पाण्याने भरून २४ तास ठेवा आणि सांधे कोरड्या टिश्यूने तपासा. गळती नसेल तर १० लिटर पाणी काढून घ्या, ते वाळू आणि दगडांची जागा आहे. आता हीटर आणि वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारा पंप) चालू करून रीफसाठीचं मीठ टाका: लिटरमागे सुमारे ३६ ग्रॅम, म्हणजे एकूण पावणेतीन किलोच्या आसपास. नेमकं प्रमाण पाकिटावर असतं. थोडं कमीच टाकून नंतर वाढवणं सोपं जातं. मीठ नेहमी पाण्यात टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. थोड्या पाण्यात मीठ फार दाट झालं की कॅल्शियम कार्बोनेट पांढरं होऊन खाली बसतं, आणि ते पुन्हा विरघळत नाही. दुसऱ्या दिवशी मोजा: ३५ पीपीटी, म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या जवळ. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या मानक द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य केलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ पाशी एक-दोन अंक सहज चुकतो.

दगड, वाळू, प्रवाह

कोरडे सच्छिद्र दगड ८ ते ९ किलो पुरतात. ओला लाइव्ह रॉक (जीव वसलेला दगड) मिळाला तर घाण पचवणारे जिवाणू आयते येतात, पण त्यासोबत एप्टेसिया नावाचा डंख मारणारा उपद्रवी जीवही येऊ शकतो. पहिल्या टाकीसाठी कोरडा दगडच बरा असं आमचं मत आहे. वेळ जास्त लागतो, पण डोकेदुखी कमी होते. दगडांची रचना टाकीबाहेर टेबलावर करून बघा आणि एक्वेरियमच्या इपॉक्सीने जोडा. एकच मोठी भिंत रचण्यापेक्षा दोन वेगळे ढीग करा. मधून पाणी खेळतं आणि पुढे झपाट्याने पसरणारं प्रवाळ एका ढिगावरच अडवता येतं. दगड थेट काचेवर टेकवायचे, वाळू नंतर टाकायची. वाळूवर ठेवलेला ढीग वाळू उकरणाऱ्या माशाने पोखरला की कोसळतो, आणि काच तडकते.

वाळू अरॅगोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची), १ ते २ मिमी दाण्याची, साधारण १० किलो. तीन सेंमीचा थर होतो. पाणी निवळ येईपर्यंत ती धुऊन घ्या. फार बारीक पीठ वाळू वेव्हमेकरने उडून प्रवाळांवर बसते.

फिल्टरमध्ये यंत्रापेक्षा दगडच जास्त काम करतात. मागे कप्पे असलेली टाकी किंवा काठावर अडकवायचा फिल्टर पुरे. त्यात कापसाचा थर ठेवा आणि तो दर तीन दिवसांनी बदला, नाहीतर अडकलेली घाण तिथेच कुजून नायट्रेट वाढवते. दर आठवड्याला पाणी बदलणार असाल तर या आकाराच्या टाकीला प्रोटीन स्किमरची (फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राची) गरज नाही. तेच पैसे चांगल्या वेव्हमेकरवर आणि आपोआप पाणी भरणाऱ्या यंत्रावर घाला. वेव्हमेकर तासाला २,००० लिटरच्या आसपासचा, वेग कमी-जास्त करता येणारा हवा. तोंड प्रवाळांवर रोखू नका, समोरच्या काचेवर किंवा पृष्ठभागाकडे वळवा. पृष्ठभाग सतत हलत राहिला की ऑक्सिजन मिळतो.

उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी आरओ-डीआयच्या गोड्या पाण्याने करायची. इथे खारं पाणी घालणं ही नवख्यांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. दिसत काहीच नाही आणि महिनाभरात खारटपणा ४० कडे सरकतो.

तापमान २५ ते २६ अंश, आणि दिवसभरात एका अंशापेक्षा जास्त फरक नको. ७५ ते १०० वॅटचा हीटर पुरतो, पण तो वेगळ्या तापमान-नियंत्रकातून चालवा. हीटर बिघडतात तेव्हा बऱ्याचदा चालूच अडकतात आणि टाकी शिजते. उन्हाळा कडक असेल तर पृष्ठभागावर फुंकणारे छोटे पंखे दोन-तीन अंश खाली आणतात. पाणी मात्र जास्त उडतं. त्याने भागलं नाही तर चिलर लागतो.

सायकलिंग: घाई इथेच नडते

माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया होतो. जिवाणूंची एक जात त्याचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात, आणि ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. यालाच सायकलिंग म्हणतात. त्या काळात मासा सोडून त्याला अमोनियात होरपळवायची काहीच गरज नाही. बाटलीतले नायट्रीकरण करणारे जिवाणू टाका आणि अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाख भागांत २ भाग) आणा. ७५ लिटरला त्याचं सुमारे अर्धा ग्रॅम लागतं. दिवा बंदच ठेवा. उजेडाचा उपयोग आत्ता फक्त शेवाळाला होईल.

दर दोन-तीन दिवसांनी मोजा. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्रेट वर येतं. पुन्हा २ पीपीएम अमोनिया टाकून तो २४ तासांत शून्यावर आला की टाकी तयार. यानंतर मोठं पाणी बदला, साधारण अर्धं, आणि दिवा सुरू करा.

लगेच वाळू आणि दगडांवर तपकिरी थर चढेल. ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ आहे. सिलिकेट संपलं की काही आठवड्यांत जातं. त्यानंतर हिरवं शेवाळ येतं. या सगळ्याला औषध टाकू नका. गोगलगाई सोडायची हीच वेळ: तीन-चार ट्रोकस आणि दोन नॅसॅरियस. ट्रोकस उलटी पडली तरी स्वतः सरळ होते, अॅस्ट्रियाला ते जमत नाही आणि ती तशीच मरते.

नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेण्याचा हट्टही धरू नका. दोन्ही संपली की डायनोफ्लॅजेलेट पसरतात. हा बुडबुडे धरलेला तपकिरी, चिकट थर असतो आणि तो काढणं हिरव्या शेवाळापेक्षा कितीतरी अवघड आहे. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या.

मासे: तीन पुरेत

क्लाउनफिशची ऑसेलॅरिस जातीची जोडी आणि एखादा गोबी किंवा फायरफिश, इथेच थांबा. क्लाउनफिश बंदिस्त पैदाशीचेच घ्या. एक मोठा आणि एक लहान निवडा. सगळे जन्मतः नर असतात, मोठा पुढे मादी होतो आणि भांडणं कमी होतात. निळा टँग या टाकीत ठेवू नका, तो वाढून वीतभराहून मोठा होतो. मँडरिन दिसायला सुंदर, पण तो दगडांवरच्या कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म जीवांवर जगतो. नव्या टाकीत ते पुरेसे नसल्याने तो हळूहळू उपाशी मरतो. फायरफिश आणि गोबी उड्या मारतात, म्हणून बारीक जाळीचं झाकण हवंच.

प्रत्येक मासा आधी वेगळ्या साध्या टाकीत चार ते सहा आठवडे ठेवा. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. त्यावर तांब्याचं औषध चालतं, पण ते मुख्य टाकीत टाकता येत नाही: प्रवाळं आणि गोगलगाई मरतात. हा परजीवी मुख्य टाकीत शिरला तर ती साधारण ११ आठवडे माशांविना ठेवावी लागते.

लांबून आलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडताच पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून उघडलेल्या पिशवीत तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगवून तापमान जुळवा, वेगळ्या टाकीचा खारटपणा आधीच पिशवीएवढा करून ठेवा आणि मासा जाळीने सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

पहिली प्रवाळं

साधारण तिसऱ्या महिन्यात मशरूम, झोअँथिड, केनिया ट्री अशी मऊ प्रवाळं आणा. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया भराभर पसरतात, त्यांना बाकीच्यांपासून तुटलेल्या ढिगावरच ठेवा. कडक सांगाड्यातलं पहिलं प्रवाळ म्हणून डंकन चांगलं. हॅमर आणि टॉर्च रात्री लांब डंखतंतू सोडतात, त्यांच्याभोवती १५ सेंमी मोकळी जागा हवी. समुद्री अॅनिमोन वर्षभर तरी नको. जागा न आवडल्यास तो भटकतो आणि वेव्हमेकरमध्ये चिरडून सगळी टाकी नासवतो.

झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. त्यांचा दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासूही नका. वाफ किंवा तुषार श्वासात गेले तर जिवावर बेततं.

कडक सांगाड्याची प्रवाळं साइट्स या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि काही देशांत ती बाळगण्यावरच बंदी आहे. आपल्या भागातला कायदा आधी पाहा. किनाऱ्यावरून काहीही तोडून आणू नका.

नवं प्रवाळ प्रवाळांच्या डिपमध्ये (कीड काढणाऱ्या द्रावणात) बुडवून, खाऱ्या पाण्यात विसळून, आधी तळाशी ठेवा आणि आठवड्या-दोन आठवड्यांत वर न्या. दिवा निळ्या छटेचा एलईडी, दिवसाला ८ तास, सुरुवातीला ३०-४० टक्क्यांवर. मऊ प्रवाळांना ५० ते १०० पार (PAR, प्रवाळांना उपयोगी उजेडाचं माप) पुरे. प्रवाळ पांढरं पडत असेल तर बहुधा उजेड जास्त झालाय. तपकिरी होऊन लांब मान काढत असेल तर कमी पडतोय.

दर आठवड्याला ८ ते १० लिटर पाणी बदला, त्याच तापमानाचं आणि त्याच खारटपणाचं. अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक) ठेवा. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम आणि मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास राहिलं की झालं. मऊ प्रवाळं असेपर्यंत पाणी बदलण्यातूनच हे भागतं. कडक प्रवाळं वाढून अल्कलिनिटी आठवड्यात १ डीकेएचपेक्षा जास्त उतरू लागली की मगच वेगळं द्रावण सुरू करा, आणि एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त कधीही चढवू नका. ८ वर स्थिर असलेली टाकी ७ आणि १० मध्ये हेलकावे खाणाऱ्या टाकीपेक्षा नेहमी निरोगी असते.

वीज जाण्याची तयारी पहिल्याच दिवशी करून ठेवा. अशा वेळी आधी संपतो तो ऑक्सिजन. तापमान नंतर बिघडतं. वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप टाकीला जोडलेला ठेवा, खाणं बंद करा, आणि पंप नसेल तर दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक मग पाणी काढून उंचावरून परत ओता.