जुनं लाकडी सांगाड्याचं घर पाहुण्यांसाठी उघडताना

ज्या घराचं छप्पर खांब-तुळयांनी पेललंय आणि जांभ्याच्या भिंती बहुतेक आडोशालाच आहेत, तिथे रंगरंगोटीपासून सुरुवात करू नये. पाहुण्यांचा राबता सुरू झाला की अंघोळीचं पाणी, वाफ, धुणीभांडी सगळंच वाढतं. चार माणसांच्या वावरात कधी न जाणवलेली ओल मग दोन पावसाळ्यांत खांबाच्या बुडाशी येते. म्हणून आधी लाकूड कोरडं राहील हे बघा, बाकीचं नंतर.

दिवाळीनंतर काम काढा आणि छप्पर मृगाच्या आधी पंधरा दिवस पुरं करा. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात, वर दहा टक्के जादा घ्या. उतरवलेलं प्रत्येक कौल हातात उभं धरून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठेवा, बद्द आला तर चीर आहे. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. पुढे अनेकांनी काढले आणि प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. त्यामुळे कौलाच्या पाठीवरचं नाव वाचून ढीग वेगळे करा आणि छपराच्या एका पाख्यावर (उतारावर) एकाच साच्याची कौलं चढवा. मिसळली तर खाचा नीट बसत नाहीत आणि वाऱ्याचा पाऊस आत येतो. रिपांमधलं (कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांमधलं) अंतरही पट्टीने ठरवू नका, चढवायची कौलंच एकमेकांवर मांडून मापा.

आता खांब. दगडी उथाळ्यापासून (खांबाखालच्या बैठकीपासून) वीतभर उंचीपर्यंत चारी बाजूंनी पेचकस टोचा. तो अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज शिरला तर बूड कुजलंय. अख्खा खांब काढायची गरज बहुधा नसते. तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू द्या, जॅक रोज दोन-तीन मिलिमीटरच उचला (घाई केली की वरचे सांधे उघडतात आणि कौलं सरकतात), कुजका भाग कापा आणि त्याच जातीचा, पुरता वाळलेला तुकडा पायरीदार खाचेने जोडा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या किमान अडीचपट ठेवा. वाश्यांच्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल उत्तम, पण ते कातडी भाजतं, हातमोजे हवेतच. पाहुण्यांचा हात लागेल त्या लाकडाला जवसाचं तेल द्या. त्याची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा.

जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको. जोत्यातून चढलेली ओल त्यातून बाहेर पडू शकत नाही, शेजारच्या खांबात मुरते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. कळीचा चुना पाण्यात टाकून विझवा, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उसळतो, डोळ्यांवर चष्मा हवा. निदान पंधरा दिवस भिजत ठेवा. मग एक भाग चुना, तीन भाग चाळलेली नदीची वाळू. पुळणीवरची वाळू घातली तर मिठामुळे भिंत दर पावसाळ्यात घाम फोडते. पहिला थर दहा-बारा मिलिमीटर, आठवडाभर पाणी शिंपडून ओला ठेवा.

न्हाणीघर माजघरात किंवा माळ्यावर नकोच. मागीलदारी वेगळ्या जोत्यावर, जुन्या भिंतीपासून चार इंच सोडून बांधा आणि फट वरून पत्र्याने झाका. जांभा सच्छिद्र आहे, शोषखड्ड्याचं पाणी लवकर झिरपतं. विहिरीपासून किमान ६० फूट अंतर ठेवा.

पंगत पडवीत बसवायची तर माणशी दोन फूट आणि वाढप्याला चार फुटांची वाट लागते. भिंतीचा खालचा अडीच फूट काव लावून लाल करा, सोलकढीचे डाग पांढऱ्या चुन्यावरून जात नाहीत. जुनी पितळेची भांडी काढली असतील तर कल्हई तपासा. कल्हई नसलेल्या भांड्यात सोलकढी घालणं धोक्याचं, आमसुलाचं आम्ल धातू उतरवतं. रांधप मुख्य घराबाहेर, कौलारू पण चहूकडून हवेशीर शेडमध्ये असावं. तिथे १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर वापरा आणि तो बाहेरच्या बाजूला ठेवा.

अन्नाची एफएसएसएआय नोंदणी, ग्रामपंचायतीचे कागद आणि पर्यटन विभागाची नोंद काम चालू असतानाच करून घ्या. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते.

जूनचे पहिले दोन आठवडे आरक्षण घेऊ नका. पहिला मोठा पाऊस चालू असतानाच बॅटरी घेऊन माळ्यावर चढा, वाश्यावर जिथे ओघळ दिसेल तिथे खडूने खूण करा आणि उघडीप मिळताच वरचं कौल बदला.